गाठीतली चाबी

‘आधी दोन घास खाय, मंग बोल,’ दारी आलेल्या प्रत्येकाला पार्वताबाईची माय म्हणायची. लेकीनं तोच रिवाज जपला. रागाच्या, दुःखाच्या भरात कोणी विष घेऊ नये म्हणून सरकारनं गावाला कपाट दिलं होतं. साऱ्यांची फवारणीची औषधं त्यात कुलूपबंद. तिच्या पदराला गाठ, गाठीत चाबी. चाबी मागणाऱ्याला ती आधी जेवू घालायची. ‘औषधाची खानावळ काढली बाईनं!’ नत्थुजी पारावरून हसायचे. आज साहेब कपाट न्यायला आले. ‘निधी संपला, बाई. किती जीव वाचले, आकडा द्या. वर पाठवून पाहतो.’ ‘आकडा कुठून देऊ, साहेब? वाचलेला माणूस कोणाले सांगते काय?’ तिनं गाठ सोडली. तोच नत्थुजींनी पुढं येऊन चाबीवर हात ठेवला. ‘एक लिहा, साहेब. गेल्या पोळ्याले मी चाबी मागाले आलतो. मले फवारणी नव्हती करायची.’