लाखेतलं नाव

"नाव सांग ना गो, मी काय कुणाला सांगनार हाय?" शेअर रिक्षात बूड टेकलं नाही तोच वत्सलानं सुरुवात केली.

"नाव लखोट्यात हाय," बायडी म्हणाली. "वर लाखेचं सील हाय. फोडायचं तर जा पालघरच्या कोर्टात."

रिक्षात कोंबलेल्या बाया फिस्सकन हसल्या. वत्सलाचं तोंड एवढंसं झालं. बोईसर येईपर्यंत ती बाहेरच बघत बसली.

ठेकेदारानं कंपनीच्या गोडाऊनमध्ये एका बाईवर हात टाकला, एवढं सगळ्या कुंभवलीला ठाऊक होतं. बाई कोण, ते कोर्टानं झाकलं होतं. पण गावाच्या तोंडाला सील कोण लावणार? पोलिसांची जीप आली ती बायडीच्या दारात. सासू झाडलोटीला, सून पॅकिंगला, दोघी त्याच ठेकेदाराकडे. त्यात सून मोनाली पंचविशीची, तरतरीत, आणि नवरा अंकुश तिकडे वेरावळला बोटीवर. झालं! गावानं निकाल लावून टाकला.

सरकारी वकील तेजलबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "नाव कुठल्याही कागदावर दिसणार नाही. बाहेर कुणी फोडलं तर गुन्हा. उघडायचं तर तिचं तिनं, स्वतःच्या मर्जीनं."

तेव्हा बायडीला हायसं वाटलं होतं. झाकलेलं बरं, असंच तिला वाटलं होतं. आता नळावर मोनाली हंडा घेऊन गेली की बाया कुजबुजत बाजूला व्हायच्या. पोरगी मान वर करून पाणी भरायची आणि घरी येऊन चुलीच्या धुराच्या नावाखाली डोळे पुसायची. ते बघून बायडीचं काळीज तुटायचं.

एक दिवस ठेकेदाराचा माणूस पुंडलिक फरसाणचा पुडा घेऊन ओटीवर येऊन बसला. आवाजात नुसता गूळ.

"काकू, या वयात कोर्टकचेरी शोभते काय? गाव सुनेबद्दल काय काय बोलतंय, कानावर येतंय ना? केस मागं घ्या. बोलनं आपोआप बंद व्हईल."

"ते बोलनं पेरलं कुनी रे, मुडद्या?" बायडी ताडकन उठली. पुडा उचलून तिनं अंगणात भिरकावला. "तुझ्या मालकाला सांग, त्याचं फरसाण माझ्या कोंबड्यांनी खाल्लं. आन कोर्टात भेटू म्हनावं."

पुंडलिक चपला शोधत निघाला. कोंबड्यांची मात्र चंगळ झाली.

बोलायला बोलली, पण संध्याकाळी बायडीचा धीर सुटला. मोनाली भाकरी थापत होती. बायडी तिच्याजवळ जाऊन बसली.

"पोरी, मागं घ्यायची काय केस?"

"कशाला? उद्या त्याचा हात दुसरीवर पडायला?"

"गाव जगू देत नाय गो."

"गावाच्या जिभेला हाड नाय. बोलू दे." मोनालीनं भाकरी तव्यावर टाकली. "आन आई, नाव काय बाहेर काढायचं नाय. तुमाला माझी शपथ हाय."

बायडीनं चुलीतलं लाकूड आत सारलं आणि भाकरी फुगायची वाट बघत बसली.

तारखेला पालघरच्या कोर्टात वत्सला आणि आणखी चार बाया हजर. सोबतीला आलो, म्हणे. सोबत कसली डोंबलाची, तमाशा बघायला आल्या होत्या! पुंडलिकही खिडकीशी उभा राहून दात कोरत होता. सासूसुना बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या.

दार उघडून शिपाई बाहेर आला. "बंद दाराआड जबाब आहे. फिर्यादी बाईनं आत यायचं, बाकी कोणी नाही. नाव पुकारणार नाही."

सगळ्या नजरा मोनालीवर खिळल्या. वत्सलानं तर तिला वाट द्यायला पायसुद्धा आखडून घेतले. मोनाली जागची हलली नाही. तिनं सासूचा हात घट्ट धरून ठेवला.

बायडीनं तो हात हळूच सोडवला. गुडघ्यावर भार देऊन ती उठली, पदर खोचला आणि दाराकडे जायच्या आधी गावाकडे तोंड करून उभी राहिली.

"तिच्याकडं काय बघता? लाखेतलं नाव माझं मीच फोडते, ऐका. बायडी. वय अठ्ठावन."