कठड्यावरचं बोट

सरांनी कठड्यावरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट डोळ्यांजवळ धरलं. स्वच्छ होतं.

त्यांचा विश्वास बसेना. मैदानाचा हा लोखंडी कठडा आजवर कधी त्यांच्याविरुद्ध गेला नव्हता. संध्याकाळी मुलांनी तो पुसून ठेवायचा आणि पहाटे त्यावरून बोट फिरवायचं, हा सरांचा नियम. बोट करडं निघालं तर त्या दिवशी धावायचं नाही, नुसतं चालायचं. सिमेंटची धूळ छातीत भरून घेण्यापेक्षा एक दिवस वाया गेलेला बरा. पलीकडच्या कारखान्याकडून वारा असला की बोट करडं व्हायचंच, आणि वारा बहुतेक तिकडूनच असे. धावणारी म्हणून घेतलेली मुलं चालण्यातच तरबेज झाली होती.

यंदाच्याही दौडीचा सगळा खर्च त्याच कारखान्याने उचलला होता. कमानीवर त्याचं नाव, मुलांच्या छातीवरच्या आकड्याखाली त्याचंच नाव, आणि शेजारी निळ्या अक्षरांत 'मोकळा श्वास, वेगवान पाऊल'.

समितीच्या बैठकीत सरांनी सांगून पाहिलं होतं. बक्षिसं नसली तरी चालतील, पण ज्यांच्यामुळे पोरं खोकतात त्यांचं नाव पोरांच्या छातीवर नको. सगळ्यांनी मान डोलावून ऐकलं आणि चहा मागवला. समितीचा अध्यक्ष म्हणजे सरांचाच जुना विद्यार्थी. शर्यतीत सगळ्यांच्या पुढे जाऊन मग कुंपणावरच्या पोरांशी गप्पा मारत बसायचा, म्हणून सरांनीच त्याचं नाव ससा ठेवलं होतं. पुढे टक्कल पडलं, पोट सुटलं, पण नाव काही सुटलं नाही. ससा समजुतीच्या सुरात म्हणाला, की भट्टी बंद करणं कारखान्याच्याही हातात नसतं, एकदा थंड झाली की पुन्हा तापवताना नाकी नऊ येतात; आणि दरवर्षी सर हेच म्हणतात. ते खरं होतं. दरवर्षी तेच म्हणून सरांची जीभ थकली होती. शेवटी ते उठता उठता म्हणाले, कठडा सांगेल तसं. दौडीच्या सकाळी बोट करडं निघालं तर माझी मुलं पळणार नाहीत, स्वच्छ निघालं तर पळतील.

नाही म्हणायचं काम त्यांनी लोखंडावर सोपवलं होतं. आज लोखंड फितूर झालं होतं.

सरांनी वर पाहिलं. वारा थेट कारखान्याकडूनच येत होता, पण धुराडं नुसतंच उभं होतं. एक पुसटशी रेघसुद्धा नव्हती.

"परवापासून बंद ठेवलंय, सर," मागून ससा म्हणाला. छातीवर मोठा बिल्ला होता. "मोठे पाहुणे येणार आहेत ना. तुमच्या शब्दाखातर म्हणा हवं तर."

समोर टोळ उभी होती. लांबच लांब पायांमुळे सगळे तिला टोळच म्हणत. एका हातात आकड्याचं कापड, दुसऱ्या हातात टाचण्या. आजच्या दौडीत पहिली आली तर ती इथून दूरच्या क्रीडा वसतिगृहात जाणार होती. तिची आई त्याच कारखान्यात पोती भरायची. मागच्या आठवड्यात ती सरांच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि एवढंच म्हणाली होती, की सर, त्या धुराड्यावरच आमची चूल पेटते, पण पोरीला तुम्ही अडवू नका. आता ती कारखान्याची टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती आणि सरांकडे एकटक पाहत होती.

"सर, बोट?" टोळने विचारलं.

सरांनी बोट दाखवलं. मग तिच्या हातातलं कापड घेऊन स्वतःच तिच्या छातीवर टाचलं. कारखान्याचं नाव सुरकुतलं होतं, ते तिने खालून ओढून सरळ केलं. सरांनी नजर वळवली.

"पहिल्या वळणापर्यंत कुणाच्या पुढे जायचं नाही," ते म्हणाले. "ससा होऊ नकोस."

ससा हसला.

टोळ पहिली आली. दोरी तोडून ती सरळ सरांकडे आली आणि सवयीने वाकली. सरांनीही सवयीने तिच्या पाठीवर हात ठेवला, खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत ठेवायचे तसा. दोघं थांबले. खोकला आला नाही. टोळने मान वर करून, काहीतरी हरवल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं.

"सर, अशी स्पर्धा रोज ठेवता येणार नाही का?"

सरांनी कठड्याला पाठ टेकली. त्यांना बसावंसं वाटत होतं. "त्याला विचार," ते म्हणाले. "अध्यक्ष तो आहे."

पदकाची पेटी घेऊन ससा जवळच उभा होता. तो कौतुकाने खाली वाकला. "रोज कशी ठेवणार, बाळ? भट्टी बंद ठेवता येत नाही."

"आज ठेवली ना?"

ससाने तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्याने सरांकडे पाहिलं. वर्गात उत्तर आलं नाही की तो असाच पाहायचा, आणि सर कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने ओठ हलवून त्याला पहिलं अक्षर सुचवायचे.

आज सरांनी ओठ हलवले नाहीत.