राब भाजण्याआधी
कडाव गावातल्या घरी कॉम्प्युटरवर दोन पर्याय होते. जुन्यावरच नवी विंडोज चढवायची की सगळं पुसून नव्याने घालायची? सुरभीला पुसायचं होतं, पण बाबांनी एका बोटाने टाइप केलेल्या भाताच्या अकरा वर्षांच्या नोंदी त्यातच होत्या. "पूस सगळं," बाबा म्हणाले. "राब भाजल्याबिगर पेरतो का आपण? पालापाचोळ्यासंगं वाफ्यातलं तण जळलंच पायजे." "आणि बियाणं, बाबा?" "ते आदीच बाजूला काडतात. एवढी शिकलीस नि हे ठाव नाय?" त्यांनी भाताच्या कणगीतून डबा काढला. आत निरगुडीच्या पाल्यात पेनड्राइव्ह होता. "कीड लागाया नको म्हणून," आई हसली. सुरभीने तो लावला. एकेक फाइल तपासली. अकराही वर्षं शाबूत होती! तिने पेनड्राइव्ह पुन्हा पाल्यात गुंडाळला आणि खुर्ची बाबांना दिली. बटणावर बोट ठेवून त्यांनी बांधावरून विचारावं तसं विचारलं, "पेटवू?"