वर पाह्य, पूनम

"वर पाह्य, पूनम. तिच्या डोयात पाह्य," शेषराव सर दातओठ खात म्हणाले.

पूनम स्वतःच्या बुटांच्या नाड्या बघत उभी होती. समोर, हातभर अंतरावर, लोणारची महामाया. जिल्हा बॉक्सिंग स्पर्धेसाठी खामगावच्या त्या मंगल कार्यालयात मधल्या खुर्च्या हलवून रिंग बांधली होती आणि फायनलआधी दोघींना समोरासमोर उभं केलं होतं स्टेजवर, एरवी जिथे अंतरपाट धरतात तिथे. हे खूळ टीव्हीवरच्या मोठ्या लढतींचं. इथे त्याची काडीची गरज नव्हती. पण संयोजक उकंडरावांना मोबाइलवर टाकायला व्हिडिओ हवा होता, आणि शेषराव सरांना मागच्या व्हिडिओचं उट्टं काढायचं होतं.

मागच्या स्पर्धेत पूनम अशीच मान खाली घालून उभी राहिली होती. मग रिंगमध्ये गेली आणि उजव्या हाताने समोरच्या पोरीला दुसऱ्या राउंडमध्येच गार केलं. ते कुणी पाहिलं नाही. गावी, जानेफळभर फिरला तो मान खाली घातलेला व्हिडिओ, आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'पोरगी पसंत आहे.' सरांना ते फार लागलं. आपण तयार केलेली बॉक्सर आणि लोकांनी तिची नवरी करून टाकावी! तेव्हापासून सरावात ठोसे कमी आणि डोळे जास्त. सरांनी तिला आरशात बघायला लावलं, गोठ्यातल्या म्हशीकडे बघायला लावलं, शेवटी स्वतःच खुर्ची टाकून तिच्यासमोर बसले. तिला हसू फुटायचं. सर चिडायचे, मग तीही चिडायची.

"सर, मले खालीच पाहू द्या न. माहं चांगलं चालून राह्यलं."

"चांगलं चालून राह्यलं, तं लोक काऊन हासून राह्यले?"

हा वाद रोजचाच होता. आणि आज तर वाद घालायची वेळच नव्हती. आज जिंकली तर राज्य स्पर्धा. हरली तर ग्लोव्हज माळ्यावर, असं तिच्या वडिलांनी सरांना घरी बोलावून, चहा पाजून, अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं.

"पूनम, एकडाव पाह्य व. आता तुह्या पाया पडू का?"

पूनमने वैतागून मान वर केली. आणि पाहिलं.

महामायाही काही कच्ची नव्हती. भुवया जुळवून, जबडा आवळून ती एकटक बघत होती. उकंडराव मोबाइल घेऊन वाकले, बाजूला झाले, पुन्हा वाकले. पूनमची नजर हलेना. तिने डोळे थोडे बारीक केले, मान किंचित पुढे केली आणि असं रोखून पाहिलं की शेवटी महामायाचीच पापणी लवली आणि तिने तोंड वळवलं. खुर्च्यांमधून शिट्टी आली. सरांचा ऊर भरून आला. लढत इथेच जिंकली असं ते शेजारच्या माणसाला म्हणालेसुद्धा.

घंटा झाली. पहिल्या राउंडमध्ये पूनमचा डावा हात चालत होता, पोटावर, खांद्यावर. उजवा निघाला आणि अर्ध्यातच थांबला. सरांना वाटलं, चकवते आहे. दुसऱ्यांदाही तसाच थांबला. महामायाला काय, तिला आयतंच सापडलं. तिने दोन सरळ ठोसे नाकावर दिले.

"उजवा, पूनम, उजवा." सरांचा घसा बसला. दुसरा राउंड तसाच गेला. मधल्या मिनिटात त्यांनी तिला पाणी पाजलं, खांदे दाबले, समजावलं, शिव्याही दिल्या. ती नुसतं हो हो म्हणत होती. तिसऱ्यात एकदा महामायाचा हात खाली आला, डावी बाजू सताड उघडी पडली. असा मोका सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. पूनमने उजवा उचलला, महामायाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोटावर मारला.

पंचाने महामायाचा हात वर केला.

खाली उतरल्यावर सर पूनमच्या ग्लोव्हजचे पट्टे सोडत बसले.

"उजवा दुखून राह्यला का तुहा?"

"नाही."

"मंग? तुह्या बापानं काय सांगतलं, माहीत आहे न तुले?"

"माहीत आहे." पूनमला रडू आलं होतं आणि सरांचा भयंकर संताप आला होता. तिने हात हिसकून घेतला आणि दातांनी स्वतःच पट्टा ओढला.

"चांगलं डोयात डोया घातला होता. ती घाबरली होती. अन् तू बसली पोटावर थोपटत. काऊन?"

"तिच्या डाव्या डोयाले रांजणवाडी झाली आहे, सर. हे एवढी. पार पिकली आहे." पूनमने दुसरा ग्लोव्ह काढून त्यांच्या मांडीवर टाकला. "खाली पाहत राह्यली असती, तं मले कायले दिसली असती?"