किल्लीचा बोर्ड

"थांबा! आत्ता कुठे सेव्ह केलंत?"

किल्लीवाल्याने आपली खुर्ची डिझायनर बाईंना इतकी खेटून ठेवली होती, की माउस हलवायलाही त्याची परवानगी काढावी लागत होती. दुकानाचा आठ फुटी बोर्ड करायचा होता. त्यावर एकच मोठी किल्ली, त्याच्या स्वतःच्या दुकानाची. गिऱ्हाइकाची छापली तर बोंबाबोंब होणार, आणि हिच्याइतकी देखणी दुसरी त्याने घडवली नव्हती.

समोरच्या दुकानात त्याचा साडू, तोही किल्लीवालाच. साडूच्या बोर्डावरची किल्ली इतकी धुरकट, की लोक विचारायचे, "गाजरं कशी दिली?" याला तसलं हसं नको होतं. तरी फोटो मात्र त्याने मुद्दाम बारीक करून आणला होता.

"काका, हा तिकिटाएवढा फोटो ताणला की फुटतो," बाई म्हणाल्या. "आमचं सॉफ्टवेअर रेघा हव्या तेवढ्या मोठ्या करतं. पण फोटो ठिपक्यांचा असतो. ओढला की ठिपकेच फुगतात. ओरिजिनल द्या. आहे त्या साइजला आत घेते, ताणायला कोपऱ्याला हातसुद्धा लावत नाही. दाते सुरीसारखे येतील."

"ओरिजिनल?" त्याचा हात खिशावर गेला. "ताई, स्वच्छ फोटो मिळाला तर दहा मिनिटांत मी कुणाचीही किल्ली कापून देतो. उद्या माझं दुकान कुणी उघडलं म्हणजे?"

"अहो, मला माझ्या घरचं कुलूप धड उघडत नाही!"

ते त्याला पटलं नाही. पण गाजर आठवलं आणि त्याने पेनड्राइव्ह काढला. आधी इंटरनेटची वायर उपटली. बाईंचा मोबाइल खणात टाकून खण बंद केला आणि त्याला खुर्ची टेकवून स्वतः बसला. बाई पाणी प्यायला उठल्या तेव्हा स्क्रीनवर रुमाल टाकला.

फोटो आत आला आणि त्याचे डोळे पाणावले. एकेक खाच वेगळी. कानशीचे ओरखडेसुद्धा दिसत होते.

छापून होताच त्याने फाइल उडवायला लावली. मग कचरापेटीतूनही उडवायला लावली. नमुन्याच्या कागदाचे सोळा तुकडे करून खिशात घातले. बोर्ड चादरीत गुंडाळून नेला, वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी बोर्ड चढला. रस्ता थांबून बघत होता. साडू तर आपल्या दारात हात मागे बांधून कितीतरी वेळ मान वर करून उभा होता.

"जळतोय मेला!" किल्लीवाल्याने बायकोला सांगितलं आणि त्या दिवशी ढाराढूर झोपला.

सकाळी येऊन बघतो तर शटर वर. कुलूप शाबूत, साधा ओरखडा नाही. आत त्याच्याच खुर्चीत साडू बसलेला, बोटात एक ताजी कापलेली किल्ली गरागरा फिरवत.

"या, या! छपाई करावी तर अशी हो. दाते मोजायला शिडीसुद्धा लागली नाही."