पाहणारे : १

पाळण्यावर बांधलेल्या फोनच्या कोपऱ्यात ‘पाहणारे : १’ अशी अक्षरं उमटली आणि उर्वशीनं हसतच भुपेंद्रला फोन लावला.

“दिसून राहिली का तुमची लेक? पाहा, कशी मुठी आवळून झोपली.”

“मी कोठं पाहून राहिलो?” पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. “ड्युटीवर आहो मी. नेट बंद आहे माह्या फोनचं.”

उर्वशीचं हसू ओठांवरच राहिलं. कोपऱ्यातला आकडा जागचा हलला नव्हता.

पुण्याकडच्या कारखान्यात परत जाताना भुपेंद्रनं हा जुना फोन पाळण्यावर बांधून दिला होता. तिकडून गुड्डीला पाहता यावं म्हणून. बाहेरून पाहायचं तर त्याला पासवर्ड लागे. पण घरच्या वायफायवर जो असेल, त्याला तो फोन काहीच विचारत नसे. म्हणजे कोणीतरी घरच्या नेटमध्ये शिरून बसलं होतं. याच फोनखाली बसून ती गुड्डीला पाजत होती. उर्वशीनं पदर अंगाभोवती गच्च ओढला.

“राउटर जुना आहे ना,” भुपेंद्र म्हणाला. “पासवर्ड बदलव आजच.”

त्या राउटरला दोन तऱ्हेची कुलपं होती, एक पक्कं आणि एक कच्चं, सहज फोडता येणारं. पक्कं लावलं की सासूबाईंचा, म्हणजे सखाबाईंचा, जुनाट फोन नेटला जुळत नसे. मग दिघोरीच्या बहिणीशी त्यांचं व्हिडिओवरचं बोलणं बंद. म्हणून कच्चंच लावलेलं. लाइट गेली की त्यांचा फोन पुन्हा पासवर्ड मागे, आणि इंग्रजी अक्षरं त्यांना येत नसत. म्हणून उर्वशीनं नवा पासवर्डही नुसत्या आकड्यांचाच ठेवला आणि त्यांच्याकडून पाठ करून घेतला.

“कोणाले सांगू नका, आई. कोणीतरी पाहून राहिलं आपल्या गुड्डीले.”

सखाबाईंनी काही विचारलं नाही. काजळाची डबी उघडली आणि गुड्डीच्या गालावर तीट लावली. नजरेच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. भिंतीपलीकडे मोठी जाऊ राहायची, ज्योत्सना. तिची दोन लेकरं पोटातच गेली होती. गुड्डीच्या पाचवीच्या पूजेपासून सखाबाईंनी तिला या खोलीचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. बारशाला ती दिवसभर चुलीपुढे पुऱ्या तळत होती. पाळण्याची दोरी काही तिच्या हाती आली नाही. उर्वशीला वाईट वाटलं होतं. पण लेकराचा मामला, ती गप्प राहिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली निजली आणि आकडा पुन्हा उमटला.

आता हा मंगेशच असणार. बसस्टँडजवळच्या मोबाइल दुकानाचा मंगेश, राउटर त्यानंच बसवून दिला होता. उर्वशी गुड्डीला कडेवर घेऊन तडक दुकानात गेली. तिचं सगळं ऐकून तो हसला.

“भाभी, माह्या दुकानात फाइव्ह-जी आहे. तुमच्या खटाऱ्यावर कायले बसन मी?” मग तिचा चेहरा पाहून तो हसायचा थांबला. “पक्कं कुलूप लावा. आईच्या फोनचं राहू द्या.”

घरी येऊन तिनं गुड्डीला पाळण्यात घातलं आणि सेटिंग उघडली. सखाबाई जवळच तांदूळ निवडत होत्या.

“आई, आजपासून तुमचा फोन नेटवर नाही चालणार.”

“काहून? त्यानं काय केलं तुह्यं?”

“त्याच्यासाठी कुलूप ढिलं ठेवा लागते. मावशीसंग माह्या फोनवरून बोलत जा.”

सखाबाईंचा सुपातला हात थांबला. “राहू दे ना व. चालून राहिलं ते चालू दे.”

“कसं चालू देऊ?” उर्वशीचा आवाज चढला. पाळण्यावरच्या फोनवर तो आकडा होताच. आत्ता, या क्षणीही, कोणीतरी पाहत होतं. तिनं फटकन कॅमेऱ्यावर दुपटं टाकलं. “माणूस आहे का बाई, ओळखीचा का परका, काही ठाव नाही. माह्या पोरीवर डोळा लावून बसते रोज दुपारी. मी आताच बंद करतो त्याले.”

तिचा अंगठा बटणावर गेला.

“थांब.” सखाबाईंनी तिचं मनगट धरलं. “नको दाबू.”

“सोडा, आई.”

“ते ज्योत्सना आहे.”

उर्वशीनं अंगठा मागे घेतला. सखाबाईंनी मनगट सोडलं, पण मान वर केली नाही.

“मीच देल्ले तिले आकडे. पयलेचे बी, कालचे बी.”

“तुम्ही?” उर्वशीनं भिंतीकडे पाहिलं. “तुम्हीच त तिले दारात उभं राहू देत नाही.”

“नाही देत. भेव वाटते मले.” सखाबाईंनी पदरानं नाक पुसलं. “पण बारशाच्या दिवशी भिंतीपलीकडून रडणं आलं तिचं. मंग म्हटलं, फोनातून त दृष्ट लागत नसन.”

भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. दुपटं पडल्यापासून कोणी श्वास रोखून बसलं असावं, अशी ती शांतता होती.

उर्वशीनं दुपटं काढलं. मग पाळण्यावरचा फोनच सोडला, बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

“ताई, गुड्डी उठाले झाली. दोरी ओढाले या.”

सखाबाईंनी काजळाची डबी उघडून गुड्डीच्या दुसऱ्या गालावरही एक तीट लावली, चांगली मोठी. मग गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि दाराची कडी काढली.