दहा फूट

कुंदाचा पहिला फोटो मुलाकडच्यांनी "रंग कळत नाही" म्हणून परत पाठवला. बैल बघावा तसे बघणारे लोक! आणि त्यांना उद्याच्या टपालानं दुसरा फोटो पाठवायला निघालेला बापही काही कमी नव्हता.

श्यामकांत अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर. उल्हासनगरच्या कॅम्पातून त्यानं जुनं भिंग आणलं आणि लेथवर पितळी कडी कातून नव्या कॅमेऱ्याला बसवलं. कडीवरच्या फुटांच्या आकड्यांपुढच्या शेवटच्या, अनंत अंतराच्या खुणेवर दूरचा मलंगगड लख्ख दिसला, तेव्हाच तो जेवायला उठला.

अंगणात टेपनं दहा फूट मोजून त्यानं लेकीला खुर्चीवर बसवलं. भिंग दहावर ठेवलं, तर ती धूसर. वीसवर चेहरा उमटला आणि लगेच विरला.

"कुंदे, मागं सरकू नकोस!"

"अण्णा, मी हललेसुद्धा नाही."

त्यानं मान वर केली. खुर्ची टेपच्या टोकालाच होती. पुन्हा डोळा लावला, तर ती पन्नासवर स्पष्ट होत होती. "हलू नकोस," तो म्हणाला.

"अण्णा, जरा मोठ्यानं बोला ना. ऐकू येत नाही."

त्यानं पुढं फिरवलेलं भिंग मलंगगडाच्या खुणेवर जाऊन अडलं. तिथं कुंदा लख्ख दिसली, पापण्या मोजाव्यात इतकी.

ती जीव तोडून हाका मारत होती. अंगणात आवाज नव्हता.